इंचभर नळी

बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. ही अडचण माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, कारण तोवर मला काही सांगायचंच नव्हतं.

आमचं गॅरेज कंपूच्या, म्हणजे जुन्या फौजी छावणीच्या वस्तीतल्या, एका मागच्या गल्लीत आहे. पाटी होती, ती एका उन्हाळ्यात आंधीनं उडवली आणि ह्यांनी पुन्हा लावली नाही. ज्याला यायचं तो विचारत येतोच, म्हणाले. ते खरंही होतं. दाल बाजारातल्या आडत्यांपासून सरदारांच्या उरल्यासुरल्या घराण्यांपर्यंत सगळ्यांना उमाजी मिस्त्रींचा कान माहीत होता. हे बॉनेट उघडायचे, फूटभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनावर टेकवायचे, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. सराफ्यातली जुनी माणसं चांदीचं नाणं फरशीवर टाकून ऐकत, तसं. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, असा गॅरेजचा नियम. गिऱ्हाईक फोन बंद करायचं. समोरचा चहावाला आलं कुटता कुटता थांबायचा. मी आत कणीक मळत असले तर परातीवरचा हात आपोआप थांबायचा. मग हे डोळे उघडून म्हणायचे, तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह. आणि उघडल्यावर तिसऱ्या नंबरचाच व्हॉल्व्ह निघायचा.

ह्यांच्या घराण्यात पूर्वी कुणीतरी तोफखान्यात होतं. दक्षिणेतून फौजेबरोबर आलेली माणसं. कानाचा वारसा तिथून आला, असं सासरे सांगायचे. तोफखान्यातल्या माणसांचे कान लवकर जातात, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आधी बारीक आवाज गेले. कुकरची भसभस ऐकू यायची, दूध उतू जातानाची चर्र नाही. ह्यांच्या भावाची जाड हाक पोचायची, माझी बारीक वाटेतच कुठेतरी उतरून जायची. कानाच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी कागदावर उताराचा एक आलेख काढून दिला आणि यंत्र घ्या म्हणाले. ह्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मिस्त्री कानात मशीन घालून इंजिन ऐकणार का, एवढंच बोलले. आणि त्यांचं म्हणणं असं की माणसांचं ऐकू येत नसलं तरी इंजिनाचं येतं, कारण ते हाडातून येतं. अर्धं खरं होतं ते. धडधड यायची. फुसफुस, किणकिण, बारीक शिट्टी, यांतलं काही यायचं नाही. आणि आजकालच्या गाड्या तर बारीक आवाजातच तक्रार करतात.

स्कॅनर मी आणला. हाताच्या पंज्याएवढी डबी, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची आणि मोबाईलवर वाचायचं. शिकवायला कोण बसलंय? व्हिडिओ बघून शिकले. हिंदी पाहिले, तामीळ पाहिले, एका रशियन माणसाचेही पाहिले. त्याची भाषा कळत नव्हती, हात कळत होते. जे समजलं ते पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायचे. तिथे ह्यांची नजर कधी जायची नाही, कारण घरातली एकादशी माझ्याकडे.

काम सोपं होतं. गाडी आली की मी पिवळं फडकं घेऊन आतून पुसायला बसायचे. मिस्त्रीणबाई फार टापटिपीच्या, असं लोक म्हणायचे. फडक्याखाली डबी लागलेली असायची. तिकडे हे डोळे मिटून ऐकत, इकडे मी आकडे बघे. दोघांचं जुळलं तर प्रश्नच नाही. नाही जुळलं तर दुपारी हे जेवून तासभर आडवे होत, तेवढ्यात मी हातमोजे चढवून खरं दुखणं काढायचे. संध्याकाळी हे गाडी चालू करत, पेचकस टेकवत, आणि चेहऱ्यावर ते एक हसू येई. लहानपणी पतंग कापल्यावर येत असेल तसं. त्या हसण्यासाठी मी दोन वर्षं ग्रीसमध्ये हात घातले. पाप वाटलं नाही. नवऱ्याच्या ताटात जास्तीची पोळी सरकवतो, तसंच ते वाटायचं.

याच सुमारास गावातल्या पोरांना मोठ्या आवाजाच्या नळ्यांचं वेड लागलं. कंपनीचा सायलेन्सर काढायचा आणि दिल्लीहून, आग्र्याहून आणलेला जाडजूड पाइप लावायचा. गाडी गल्लीत शिरली की कुत्री उठून उभी राहायची. आधी हे चिडायचे. मग चिडेनासे झाले. मग एक दिवस अशाच एका गाडीला पेचकस लावून म्हणाले, "ही बोलते बघ, शामला. बाकीच्या गाड्या आता पुटपुटतात." मी आत जाऊन उगाच कांदा चिरायला घेतला.

या नळ्यांची खरी गंमत आवाजात नसते. गाडीच्या पोटात एक कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःला ना कान ना डोळे. धुराच्या वाटेवर दोन सेन्सर बसवलेले असतात, तेच त्याचं नाक. पुढचा सेन्सर इंजिनातून निघाल्या निघाल्या धूर हुंगतो आणि सांगतो, पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. त्याच्या शब्दावर कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. मधे धूर शुद्ध करणारा एक डबा, त्याला गॅरेजात कॅट म्हणतात. मागचा सेन्सर त्या डब्याच्या पलीकडे असतो. डब्यानं आपलं काम केलं की नाही, एवढंच त्यानं पाहायचं. पोरं नवा पाइप लावताना तो डबाच काढून टाकतात. मग मागचा सेन्सर बोंब मारतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

यावर बाजारानं तोडगा काढलाय. इंचभर लांबीची एक नळी, स्पेसर म्हणतात. ती भोकात बसवायची आणि तिच्या टोकावर सेन्सर. झालं. सेन्सर धारेबाहेर ओढला जातो, त्याच्यापर्यंत धुराचा नुसता वास पोचतो, आणि तो बिचारा वर कळवत राहतो की सगळं ठीक आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला जेवढं पोचतं तेवढं तो सांगतो.

ही नळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला स्वतःचं काही आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

गेल्या जानेवारीत अपूर्व गाडी घेऊन आला. शालिनीताईंचा मुलगा, बँकेत असतो. शालिनीताई आमच्या जुन्या ओळखीच्या. शाळेत गणित शिकवायच्या, यजमान गेल्यावर माय-लेक दोघंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी मला पुढे बसवून म्हणायच्या, या शामलेनं शाळा पुरी केली असती तर माझी नोकरी गेली असती. अपूर्वनं आग्र्याहून पाइप बसवून आणला होता आणि दिवा लागला होता. "काका, बाकी सब बढिया आहे, बस ही लाइट जात नाहीये," असं तो मोठ्यानं म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला देवीच्या दर्शनाला दतियाला न्यायचं होतं. ताईंचा उपास होता, दर्शन झाल्यावर सोडणार होत्या.

चार माणसं उभी होती. ह्यांनी ऐकलं. गाडी त्यांच्या आवडीची, छातीत घुमणारी. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, इंजिन राजा आहे, मागचा सेन्सर रुसलाय, स्पेसर लावला की झालं. स्वतः गाडीखाली गेले आणि लावला.

मी फडकं घेऊन आत बसले होते. मागच्या सेन्सरबद्दल हे बरोबर होते. पण पुढच्या सेन्सरचा आकडा वेगळंच काही सांगत होता. तो म्हणत होता, हवा फार, पेट्रोल कमी, आणि कॉम्प्युटर त्याचं ऐकून बदाबदा पेट्रोल ओतत होता. जास्तीच्या पेट्रोलचा आकडा पंचवीस टक्क्यांच्या वर गेला होता. याचा अर्थ मला माहीत होता, पंचांगाच्या पानावर लिहिलेला होता. नवा पाइप जिथे इंजिनाला जुळतो तो सांधा नीट बसला नव्हता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सर फसत होता, आणि त्याच फटीतून धूर बाहेर, बॉनेटखाली येत होता. मी कान दिला. फुस, फुस, फुस. अगदी बारीक. बॉनेटवर वाकलेल्या माणसाला सहज ऐकू यावा असा आवाज. त्याला ऐकू येत असेल तर.

दुपारी हे झोपल्यावर मी सांधा पाहिला. सांधा बंद करणारी मधली चकती, गॅस्केट, जुन्या मापाचं, पाइप नव्या मापाचा. तसलं गॅस्केट दुसऱ्या दिवशी मिळालं असतं. बोल्ट आवळले, कडेनं लेप भरला. आवाज बंद झाला. आकडा थोडा उतरला, पुरता नाही. मग मी मोबाईलवरून दिव्याची नोंद पुसून टाकली.

त्या दुपारी मला दोनच गोष्टी करता येत होत्या. अपूर्वला म्हणायचं, उद्या जाऊ नकोस. मग तो विचारणार, का? काका तर चार माणसांत म्हणाले, इंजिन राजा आहे. किंवा म्हणायचं काहीच नाही, आणि दर्शन करून आले की काहीतरी निमित्त काढून गॅस्केट बदलायचं. दतिया कितीसं लांब. मी दुसरं केलं.

पहाटे दाट धुकं होतं. बाकीच्या काचा वर, हीटर चालू, आणि तो बॉनेटजवळचीच हवा आत ओढणारा. लेप वाटेतलं डबरा गाव यायच्या आतच सुटला असावा. अपूर्व रस्ता दिसावा म्हणून आपल्या बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढत चालवत होता. ताईंना थंडी वाजत होती, त्यांनी पायाशी हीटरचा झोत घेतला होता. डबऱ्यापाशी त्यांचं डोकं दुखू लागलं. मग मळमळलं. अपूर्वला वाटलं उपासानं. त्यालाच काय, आपल्यापैकी कुणालाही तेच वाटलं असतं. त्यानं ताईंच्या तोंडात खडीसाखर घातली, शाल लपेटली, आपली काचही वर केली, आईला वारा नको म्हणून. दर्शन झाल्यावर खाल्लं की बरं वाटेल, असं ताईच म्हणाल्या. ते त्यांचं नीट बोललेलं शेवटचं वाक्य. दतियाच्या अलीकडे त्यांची मान कलली.

पाच दिवस कंपूतल्या हॉस्पिटलात होत्या. जीव वाचला. मी रोज डबा नेत असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं असं वाटलं. माझा हात धरला आणि विचारलं, "मधुवंती, गृहपाठ आणलास?" मधुवंती कोण, ते मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, हो बाई, आणलाय.

पाचव्या दिवशी दुपारी अपूर्व गॅरेजमध्ये आला. पाच दिवस उभी असलेली गाडी तोच चालवत घेऊन आला. डोळे खोल गेलेले. डॉक्टर म्हणाले होते की रक्तात धुराचं विष सापडलंय, बंद खोलीत शेगडी होती का, गाडीत काही होतं का. तो ह्यांना विचारायला आला होता. ह्यांना आधी प्रश्नच कळला नाही. दोनदा सांगितल्यावर कळला तेव्हा चेहरा असा झाला की मी बघू शकले नाही. भिंतीवरचा पेचकस काढला, बॉनेट उघडलं. गाडी चालू झाली आणि नेहमीप्रमाणे गल्ली गप्प झाली. चहावाला थांबला. अपूर्वनं हातातला फोन खिशात टाकला. त्या शांततेत ती फुसफुस मला स्वच्छ ऐकू येत होती. अपूर्वलाही येत असणार, पण त्याला कसली म्हणून माहीत नव्हती. तो काकांच्या तोंडाकडे बघत होता.

हे खूप वेळ ऐकत होते. मग पेचकस खाली घेतला आणि म्हणाले, गाडीत दोष नाही. मी स्वतः ऐकलंय, दोनदा.

अपूर्वचे खांदे खाली आले. पाइप त्यानं हौसेनं बसवला होता. पाच दिवस तो त्या पाइपाचं ओझं घेऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता. त्याला हेच ऐकायचं होतं. त्यानं ह्यांच्या पायाला हात लावला. म्हणाला, "डॉक्टर लोग कुछ भी बोलते हैं. उद्या सुट्टी देतायत आईला. याच गाडीतून घरी नेतो, मागे आरामात झोपवून."

मी दारात उभी होते.

"अहो," मी म्हटलं, "सांधा फुटलाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलले ते त्यांना दिसलं, काय ते पोचलं नाही. हाताचा पंजा कानामागे धरला.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. पुढच्या सांध्यातून धूर येतोय. ह्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी मी ओरडले. आयुष्यात मी ह्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, गाडीत दोष आहे, तुम्हाला ऐकू येत नाही, मला त्या दिवशीच दिसलं होतं आणि मी बोलले नाही. चहावाल्याच्या बाकावरची माणसं खाली बघू लागली.

आता ऐकू आलं होतं. पण ह्यांचा विश्वास बसला नव्हता. आपली बायको आज अशी का करते आहे, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी आत गेले, देवापुढची अर्धी जळलेली उदबत्ती उचलून आणली आणि इंजिनाच्या सांध्याशी धरली. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. सांध्याजवळ आल्यावर तो थरथरला आणि ठेक्यात तुटू लागला. फुस, तुटला. फुस, तुटला. कान लागत नव्हते त्याला. कुणालाही दिसलं असतं.

अपूर्व दोन पावलं मागे गेला आणि गाडी बंद करायला धावला. ह्यांनी हातानं त्याला थांबवलं. पेचकस पुन्हा उचलला, त्या सांध्यावर टेकवला, मूठ कानामागे दाबली. इतकी दाबली की हाताच्या शिरा वर आल्या. धूर डोळ्यांसमोर तुटत होता आणि हे डोळे मिटून तो ऐकायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनीच किल्ली फिरवली.

माझ्या हातात उदबत्ती होती आणि कमरेला ते पिवळं फडकं. ह्यांनी फडक्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. मिस्त्रीच होते ते. एक दुखणं सापडलं की त्याच्यामागचं दुसरं शोधायचं, हे त्यांनीच गल्लीला शिकवलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. वर्षं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"दिवाळीतली ती डिझेल?"

मी मान डोलावली. तीही माझी.

"दिग्विजयसिंहांची गाडी?"

ती ह्यांची होती. शपथेवर ह्यांची होती. मी सगळे आकडे पाहूनही मला काही सापडलं नव्हतं, आणि ह्यांनी नुसत्या धडधडीवरून खालचं बेअरिंग सांगितलं होतं. मी ओरडून सांगितलं, "ती तुम्ही काढलीत. ती खरंच तुम्ही." ह्यांनी ऐकलं आणि हसले. पतंगाचं हसू नव्हतं ते. लहान मुलाची समजूत घालणाऱ्याकडे बघून मोठं माणूस हसतं, तसं. तेव्हा मला कळलं की खोट्याबरोबर मी त्यांचं खरंही घालवलं होतं. आता या दोन वर्षांतली कुठली गाडी त्यांची आणि कुठली नाही, हे ते मला कधी विचारणार नाहीत, आणि मी सांगितलं तरी मानणार नाहीत.

अपूर्व मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ताईंना तो रिक्षानं घरी घेऊन गेला. गाडीला ह्यांनी आणि मी मिळून जुना सायलेन्सर चढवला, डबा बसवला, नवं गॅस्केट घातलं. मागच्या सेन्सरची ती इंचभर नळी ह्यांनी स्वतः काढली. खिशात टाकली, की फेकली, मी पाहिलं नाही. सेन्सर पुन्हा धारेत बसला. गाडी चालू केली तेव्हा ती पुटपुटू लागली, बाकीच्या गाड्यांसारखी. ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

मी आजही ताईंकडे जाते. बऱ्या आहेत. चालतात, जेवतात, पाढे घडाघडा म्हणतात. नावं तेवढी सापडत नाहीत. मी गृहपाठ दाखवते, त्या बरोबरची खूण करतात. अपूर्व चहा करून आणतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

गॅरेज चालू आहे. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी संग्रामसिंह आले, जुनं गिऱ्हाईक. गाडी थंडीत उठत नव्हती. त्यांनी बॉनेट उघडलं, फोन बंद केला आणि सवयीनं बाजूला सरकून उभे राहिले. पेचकस भिंतीवर होता. हे उठले, माझ्याजवळ आले, माझ्या कमरेचं पिवळं फडकं ओढून घेतलं आणि गाडीत बसून डॅशबोर्ड पुसू लागले. सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यातून. जागा करून द्यावी तसे थोडे सरकले, म्हणजे मला सॉकेटपर्यंत हात घालता यावा.

मी डबी लावली. आकडे यायला वेळ लागत होता. बाहेर सगळे गप्प उभे होते, चहावाला खलबत्त्यावर हात धरून. मी काच खाली करून म्हटलं, बोला तुम्ही, याला शांतता लागत नाही.

कुणी बोललं नाही.